विहिरीत टांगलेलं कापड

सोलापूरला निघाले म्हटलं की पुण्यातले शेजारी एकच सांगतात, येताना चादर आणा. कामासाठी मी त्या शहरात बऱ्याचदा जाऊन आले आणि दर वेळी चादरीऐवजी पाणी घेऊन आले. बाटल्या भरायच्या, त्या खोक्यांत घालायच्या आणि खोक्यांवरून स्टेशनवर हमालाशी वाद घालायचा. या खेपेला उलटं झालं. जातानाच माझ्या बॅगेत कापड होतं. कापडाच्या गावाला पुण्याहून कापड घेऊन जाणारी मी पहिलीच असेन, आणि तेही रुमालाच्या पावपट तुकडे.

मी एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. निवृत्ती जवळ आली आहे, पाठ दुखते, आणि खरं सांगायचं तर पाण्याचा मला आता कंटाळा आला आहे. पाणी वाईट निघालं तर ते कुणाला ऐकायचं नसतं, चांगलं निघालं तर कुणाचा विश्वास बसत नाही. तरी दर वर्षी कुठला तरी प्रकल्प येतो आणि बॅग भरावी लागते.

कापडाचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रंगाच्या कारखान्यातली किंवा शेतात फवारलेली रसायनं विहिरीत उतरतात तेव्हा ती इतकी थोडी असतात की पाण्याला ना रंग येतो ना वास. बाटलीभर पाणी यंत्रात घातलं तरी यंत्राला काही दिसत नाही. म्हणून ती आधी गोळा करावी लागतात. त्यासाठी साध्या सुती कापडाच्या तुकड्यावर आम्ही एक पातळ थर चढवतो. फ्रिजमध्ये उघडं राहिलेलं लोणी शेजारच्या कांद्याचा वास धरतं, तसा हा थर पाण्यातली रसायनं धरून ठेवतो. तुकडा पाण्यात टांगून ठेवायचा, मग काढून काचेच्या बाटलीत बंद करायचा आणि बर्फात घालून आणायचा. प्रयोगशाळेत आल्यावर त्यानं धरलेलं सगळं चमचाभर द्रावणात सोडवून घ्यायचं आणि ते यंत्रापुढे ठेवायचं.

या कापडाची खोड अशी की ते सगळंच धरतं. अत्तर, साबण, खोबरेल, उदबत्तीचा धूर, त्याला सगळं सारखंच. त्यामुळे अशा दौऱ्यावर मला डोक्याला तेल लावता येत नाही आणि पाठीला बामही चोळता येत नाही. पाठ ठणकत असते आणि मी पर्समधल्या बामाच्या डबीकडे नुसती बघत असते.

नवी पेठ

मार्च संपत आला होता. नवी पेठेच्या जवळ एका लॉजवर उतरले. खोलीतला पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. एक विहीर शहरातली आणि एक बार्शीजवळची, एवढंच काम होतं, आणि ते आटपून शनिवारी गाडीत बसायचं असं ठरवून आले होते.

फिरायला रिक्षा ठरवली ती रफीकभाईंची. पन्नाशीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलायची आवड दांडगी. पुण्याचा रिक्षावाला आधी मीटरकडे बघतो, हे आधी माझ्या हातातल्या बर्फाच्या डब्याकडे बघत होते.

"इसमें क्या है मॅडम?"

"कापड आहे. विहिरीत टांगायचं."

"आणि मग?"

"मग काढायचं आणि पुण्याला न्यायचं."

रफीकभाईंनी थोडा वेळ विचार केला. "हौ," म्हणाले. "सरकारी काम असंल."

संध्याकाळी पेठेत चक्कर मारली. माणसं आणि रिक्षा यांच्यामधून वाट काढताना जागोजागी थांबावंच लागतं, म्हणून दुकानांकडे बघत राहिले. इथं गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी कापडाचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळून बघतं. बुरख्यातल्या बाई, इरकल नेसलेल्या आजीबाई, शाळकरी मुली, सगळ्यांची बोटं तशीच चालतात. आमच्याकडे लक्ष्मी रस्त्यावर असं केलं तर दुकानदार आधी हात धुतलेत का विचारेल. रात्री खानावळीत कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी खाल्ली. चटणी इतकी चांगली होती की आमच्या घरी तिच्यात साखर घालतात हे मी वाढणाऱ्याला सांगितलं नाही.

गल्लीतली विहीर

दुसऱ्या दिवशी शहराच्या पूर्वेला विणकरांच्या वस्तीत गेलो. भिंतीपलीकडून मागांचा आवाज येत राहतो आणि थोड्या वेळानं तो ऐकू यायचा बंद होतो. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं, ओट्यांवर टॉवेलचे गठ्ठे, आणि दारादारांत निळे पिंप. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी कधीतरी येतं, ते भरून ठेवायला पिंप. आमच्या सोसायटीत एक संध्याकाळ पाणी आलं नाही तर लोक सभा बोलावतात.

सार्वजनिक विहिरीवर माझं काम चाललं होतं तेव्हा एक मुलगी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. पोट दिसायला लागलं होतं आणि कमरेवर फिल्टरच्या पाण्याचा जार होता. भर उन्हात कोपऱ्यावरच्या दुकानातून तो घेऊन आली होती.

"मॅडम, आमच्या घरची बी विहीर बघता का?"

तिचं नाव अनिता. घर त्याच गल्लीत, तिसरं दार. तिथली विहीर अंगणात असली तरी अख्खी गल्ली नळ नसेल त्या दिवशी तिचंच पाणी पिते. घराच्या मागे सूत रंगवायचा कारखाना आहे, तिचा नवरा श्रीनिवास तिथंच कामाला. दोन पावसाळ्यांपूर्वी कारखान्याचं गटार फुटलं आणि तेव्हापासून रंगीत पाणी विहिरीच्या मागून वाहतं.

"दिवस गेल्यापासनं मी ते पाणी पीत न्हाई," ती म्हणाली. "अत्तम्मांना लई लागलंय ते. गल्ली पिते, तुलाच काय झालं म्हणतात. या जारला हात लावत न्हाईत. दोन महिने झाले, बोलणंच न्हाई आमचं धड."

अत्तम्मा म्हणजे तेलुगूत सासूबाई.

"तुमी एकदा बघून सांगा. चांगलं हाय म्हणालात तर मी सगळ्यांच्या समोर तांब्याभर पिईन. फक्त मी बोलावलं म्हणून सांगू नका."

ही विहीर माझ्या कामात नव्हती. जास्तीचे दोन तुकडे होते, पण जास्तीचा उत्साह नव्हता. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या कमरेवरचा जार बघून मिटलं.

सासूबाईंचं नाव नरसम्मा. साठी उलटलेली, काटक बाई. नवरा मागावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे घरी येतात, त्यांच्या कडा त्या मशिनवर दुमडून शिवतात. अंगण लख्ख होतं. विहिरीला दगडी कठडा, वर लोखंडी कप्पी, आणि बायका न विचारता येऊन पाणी शेंदून जात होत्या.

"तपासा की," नरसम्मा म्हणाल्या. "काय सापडायचं न्हाई. चाळीस वर्सं पितोय."

मी हातमोजे घालून तुकडा बाटलीतून काढला, तेवढ्यात त्यांचा हात पुढे आला. अंगठा आणि बोट, तसंच. मी तुकडा झटकन मागे घेतला.

"सूत बघत हुते मॅडम," त्या म्हणाल्या. "खाणार न्हाई तुमचं."

मी सांगितलं की याला कुणाचाही हात लागता कामा नये, नाहीतर सगळं फुकट जाईल. स्टीलच्या तारेनं तुकडा पाण्यात सोडला आणि परवा येऊन मी स्वतः काढीन म्हणाले. नरसम्मांनी मान डोलावली. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही, असा तो चेहरा होता.

मधला दिवस बार्शीत गेला. एसटीनं गेले, बाजार समितीच्या बाहेर ज्वारीच्या पोत्यांच्या सावलीत बसून कुणीतरी न्यायला यायची वाट पाहिली, आणि गावाबाहेरच्या मळ्यातल्या विहिरीत एका सहकाऱ्यानं आधी टांगून ठेवलेला तुकडा काढून आणला. मळ्यातल्या माणसांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. काही घडलं नाही, आणि प्रवासात काही घडू नये याहून जास्त मला आता काही नको असतं.

धुतलेला तुकडा

शुक्रवारी सकाळी अंगणात पाऊल टाकलं आणि आधी कठड्याकडे बघितलं. तार नव्हती.

नरसम्मा घरातून आल्या. हातात नवा कोरा टॉवेल, त्याची घडी, आणि घडीवर माझा तुकडा. पांढरा स्वच्छ. साबणानं धुतलेला, नीळ दिलेला, दोरीवर वाळवलेला.

"लई बुळबुळीत झालं हुतं मॅडम. हिरवं हिरवं धरलं हुतं. हात लावू नका म्हणालात न्हवं, म्हणून काठीनं काढलं. धुतलं बी काठीनंच, बादलीत ढवळून."

मी कठड्यावर बसले. पाठ, ऊन, लॉजवरची झोप न आलेली रात्र, सगळं एकदम अंगावर आलं. त्या कापडानं जे काही धरलं होतं ते आता अंगणाच्या मोरीतून वाहून गेलं होतं.

"कशाला धुतलंत?" मी विचारलं.

"म्हंजी? मळलेलं कापड माघारी कसं द्यायचं? आमच्या हातनं डाग घेऊन कापड कधी गेलं न्हाई कुणाकडं."

पुढे मला कळलं ते असं. या घरांत येणारा माल परका असतो. येतो तसाच, किंवा येतो त्याहून चांगला परत जायचा असतो. एका टॉवेलवर तेलाचा ठिपका दिसला तर गठ्ठा माघारी येतो आणि बाईचं नाव खराब होतं. म्हणून घरातलं कुणीही परक्याचं मळकं कापड समोर ठेवून स्वस्थ बसू शकत नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की या बाईला पाणी चांगलं ठरायला हवं आहे आणि तिनं कापड धुऊन ठेवलं आहे.

"मुद्दाम केलंत का?" मी म्हणाले. आवाज चांगलाच चढला होता.

नरसम्मांना आधी कळलंच नाही. मग पाणी चांगलं ठरायला हवं हे मला कुणी सांगितलं असेल ते लक्षात आलं आणि त्यांनी दाराकडे बघितलं. अनिता उंबऱ्यात उभी होती, चेहरा उतरलेला. नरसम्मांनी तिला तेलुगूत काहीतरी विचारलं. तिनं मान खाली घातली.

"हिनं बोलावलं व्हय तुमाला," नरसम्मा म्हणाल्या.

अंगणात पाणी शेंदणारी एक बाई बादली अर्ध्यावर सोडून निघून गेली. मला माझीच शरम वाटली. पोरीनं एक गोष्ट लपवायला सांगितली होती, ती मी तीन शब्दांत उघडी केली.

नरसम्मा बराच वेळ टॉवेलच्या घडीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरं हाय का कापड?"

"एकच आहे."

"टांगा. मी बसते हितं."

राखण

शनिवारची गाडी सोडली. तिकीट रद्द करताना रफीकभाईंनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि आणखी दोन दिवसांची रिक्षा ठरवून घेतली. "टेन्शन नक्को लेव मॅडम," म्हणाले. "मेरी अम्मा बी ऐसीच. मैंने एक बार घड्याळ दुरुस्तीला आणलेलं, तर तिनं धुऊन ठेवलं."

नरसम्मांनी खरोखरच मशिन अंगणात काढलं आणि विहिरीच्या बाजूला मांडलं. पाणी शेंदू देत होत्या, पण बादली तारेच्या बाजूला गेली की ओरडत होत्या. एका बाईनं विचारलं की हे काय टांगलंय. "पाण्याची परीक्षा हाय," त्या म्हणाल्या. "पास झालं की सांगते."

मला लॉजवर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून शनिवारी दुपारी मीही तिथंच जाऊन बसले. खुर्ची दिली, ती मी नको म्हणून भिंतीला टेकून बसले. खुर्चीपेक्षा भिंत पाठीला बरी. अनितानं चिंचेचा भात केला होता, पुलिहोरा म्हणतात, वर शेंगदाणे आणि कढीपत्त्याची फोडणी. पुण्यात मी आंबट खात नाही, पण दोनदा वाढून घेतला. ती वाढून आत गेली. सासू-सुना एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

"मॅडमना ताक पायजे का विचार."

"मॅडम, ताक देऊ का?"

ताकात पाणी कुठलं, हे मी विचारलं नाही. अनितानं न विचारताच सांगितलं, जारचं. नरसम्मा मशिनचं चाक फिरवत राहिल्या.

दुपार कलली तेव्हा त्या आपणहून बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीत गाळ होता, पाणी कुणी पीत नव्हतं. नवऱ्यानं आणि दिरानं गाळ काढला. तेव्हापासून गल्लीनं पाणी प्यायला सुरुवात केली. कुणाचं लग्न असलं, कुणाचं मयत असलं, पाणी इथलंच.

"कुणाला न्हाई म्हणाले न्हाई मी. रातच्याला दार वाजलं तरी उठून दिलंय. आन् माझ्याच घरातली पोरगी विकतचं आणून पिते. गल्ली काय म्हणत असंल?"

"ती पोटातल्या बाळासाठी भिते," मी म्हणाले.

"भिऊ दे की. मी बी दोन काढलेत. श्रीनिवास हा. थोरला रमेश." मशिन थांबलं. "तो गेला. वीस वर्सं झाली. विशीत हुता. रक्तात काय तरी झालं म्हणाले. मुंबईला नेलं, तितं बी काय झालं न्हाई. हेच पाणी पिऊन वाढला हुता तो, ह्यो एवढा उंच. दारातनं वाकून यायचा."

त्या दोरा ओवायला लागल्या. दोन-तीनदा चुकला.

मी तीस वर्षं हेच काम केलंय. एखादं नाव, एखादा आजार आणि एखादं पाणी एका वाक्यात आलं की माझ्या डोक्यात जे सुरू व्हायचं ते सुरू झालं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला. तारेकडे बघितलं. इतका वेळ हा तुकडा सुनेनं पाणी प्यायचं की नाही एवढंच ठरवणार आहे, असं मी धरून चालले होते. या बाईसाठी तो आणखी काय ठरवू शकतो हे तिला अजून सुचलं नव्हतं, आणि मला सुचलं होतं. कापड वर ओढून फेकून द्यावं आणि घरी जावं असं वाटलं. पण उंबऱ्याआड अनिता जारमधून तांब्यात पाणी ओतत होती, तो आवाज येत होता.

रविवारी मी तुकडा काढला. पुन्हा हिरवा, पुन्हा बुळबुळीत. नरसम्मा बाजूला उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मी तो तसाच बाटलीत घातला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मळकं कापड घरातून जाताना बघणं त्यांना खरंच कठीण होतं. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पाठीला बाम लावला. नमुन्यांचा डबा चार पाकिटांत बंद होता, त्याला बामाचा वास लागायचा नव्हता.

दुसरी खेप

यंत्रानं जे दाखवलं ते मी पुन्हा तपासून घेतलं, मग सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. बार्शीच्या मळ्यातलं पाणी ठीक होतं. सार्वजनिक विहीरही ठीक होती. नरसम्मांच्या विहिरीत सुताच्या रंगापासून सुटणारं एक रसायन होतं. अगदी लेशमात्र, पण रोज पिण्यात असू नये असं. गरोदर बाईच्या पिण्यात तर मुळीच नको.

अहवाल महापालिकेला पाठवायचा असतो, त्याची कच्ची प्रत गेली. घरच्यांना फोन करून सांगता आलं असतं. बॅग भरताना मी स्वतःला दोन-तीनदा तेच सांगितलं. मे महिन्यात सोलापूरला कामाशिवाय जाणारी माणसं शहाणी नसतात.

रफीकभाईंनी स्टेशनवर मला बघितलं आणि काही विचारलं नाही. चौकात दोन मिनिटं थांबून त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला कळलं की माझा चेहरा कसा दिसत असेल.

अनिताला सातवा लागला होता. पुढच्या आठवड्यात माहेरी जायची होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला लगेच समजलं. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल, निदान आपण बरोबर होतो असं. तसं काही दिसलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

नरसम्मा मला आत बसवायला निघाल्या. मी म्हणाले, इथंच बसू. दोघी कठड्यावर बसलो. जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. मागच्या कारखान्यातलं रंगाचं औषध पाण्यात उतरलं आहे, फार थोडं आहे, धुण्याभांड्याला चालेल, पण प्यायला आणि स्वयंपाकाला नको, कुणालाच. महापालिकेची माणसं येतील, पाटी लावतील.

माझं संपल्यावर त्यांनी विहिरीत डोकावून बघितलं, जसं काही ते दिसेल.

"गल्लीला मीच सांगते," म्हणाल्या. "पाटी लावून सांगायला नको."

"बरं."

"श्रीनिवासला बी सांगते. काम सोडायचं का काय ते तो बघंल."

गल्लीत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"किती दिसांपासनं हाय हे पाण्यात?"

मला हे येणार हे माहीत होतं. गाडीत बसल्यापासून माहीत होतं.

"रमेश हुता तवा बी हुतं का?"

याचं खरं उत्तर एकच आहे. कापड फक्त आजच्या पाण्याचं सांगतं. वीस वर्षांपूर्वीचं पाणी वाहून गेलं, त्यात काय होतं ते कुणीही सांगू शकत नाही. होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही, आणि असलं तरी त्यानंच तुमचा मुलगा गेला असंही म्हणता येत नाही. हे मी असंख्य माणसांना असंख्य वेळा सांगितलं आहे, आणि ते सांगताना मला नेहमी सरळ वागल्याचं समाधान वाटत आलं आहे. त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती. मी तोंड उघडलं.

"न्हाई अत्तम्मा," अनिता दारातून म्हणाली.

ती पायऱ्या उतरून आली, पोट सांभाळत, आणि सासूच्या बाजूला येऊन उभी राहिली. "तवाचं न्हाई ते. गटार फुटलं न्हवं का, तवापासनं हाय. त्याच्या आदी पाणी चांगलंच हुतं. मॅडमच म्हणाल्या मला."

मी तिला असं काहीही म्हणाले नव्हते. आल्यापासून मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

नरसम्मांनी माझ्याकडे वर बघितलं. डोळे कोरडे होते, पापणी लवत नव्हती. "व्हय मॅडम?"

अनिता माझ्याकडे बघत नव्हती. ती सासूच्या खांद्यावरचा पदर सारखा करत होती.

मी मान हलवली. हो म्हणून.

"मग ठीक हाय," नरसम्मा म्हणाल्या आणि त्यांनी माझं मनगट सोडलं. मग उठून कप्पीवरचा दोर उतरवला, त्याचं वेटोळं केलं आणि गल्लीतल्या बायकांना हाका मारत बाहेर गेल्या. अनिता आत गेली आणि दोन तांबे घेऊन आली, दोन्ही जारच्या पाण्याचे. एक माझ्या हातात दिला. दुसरा कठड्यावर ठेवला, सासू परत आल्यावर तिला दिसेल असा.

पुण्याला आल्यावर अहवालाची अखेरची प्रत माझ्यापुढे आली. शेवटच्या ओळीत आम्ही नेहमी लिहितो तेच लिहिलेलं होतं, की हे प्रदूषण केव्हापासून आहे ते या चाचणीतून सांगता येत नाही. ते शब्दन् शब्द खरं आहे. मी खाली सही केली. त्या अंगणात जी मान हलवली ती मागे घ्यावी असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.